अर्धा श्वास मागे

माझे वडील, बोगुमिल शेलांग,
पहाटेच्या गाडीने वुचहून वॉर्सॉला जायचे
आणि रात्री परत यायचे
अठ्ठावीस माणसं बोलून.

आमच्याकडे तशीच रीत.
पडद्यावरची माणसं आपापल्या भाषेत बोलतात
आणि त्यांच्यावरून एक पुरुष पोलिशमध्ये वाचत जातो,
सपाट, दुधाचा हिशेब वाचावा तसा.
ब्राझीलची जमीनदारीण, तिचा आंधळा मुलगा,
दासी, दासीवर डोळा ठेवून असलेला वकील,
सगळ्यांना बाबांचाच आवाज.
बाबांना सर्दी झाली की सगळ्यांनाच सर्दी.

मंगळवारी आठला जिन्यातले नळ गप्प व्हायचे.
अकरा शेजारी आमच्या एका खोलीत.
संच तापला की धूळ जळल्याचा वास यायचा,
तो वास आला की गोष्ट सुरू.
पानी गेर्त्रूदा आपलं स्टूल आपण आणायची
आणि विणकाम, ज्यातले टाके
दुसऱ्या दिवशी उसवावे लागत.
वकिलाने दासीला टाकलं त्या आठवड्यात
ती बाबांशी बोलेना.
बाबांनी तिच्या कोळशाच्या दोन बादल्या वर नेऊन दिल्या,
तरी नाही.

मी विचारलं होतं, तुम्ही रडत का नाही वाचताना?
ती रडते ना, म्हणाले.
एकीच्या रडण्यावर दुसऱ्याने रडू नये.
आपण अर्धा श्वास मागे राहायचं.
आधी तिचा हुंदका जाऊ द्यायचा घरात,
मग त्याचा अर्थ.

आणि त्याही आधीचा तो हिवाळा,
बातम्या देणारे गणवेशात बसायचे तेव्हाचा.
साडेसातला लोकांनी संच खिडकीत ठेवले,
तोंड रस्त्याकडे करून,
आणि स्वतः फिरायला निघाले.
मी बाबांच्या खांद्यावर.
वर ओळीने निळ्या खिडक्या बोलत होत्या
आणि खाली बर्फात फक्त बूट वाजत होते.
पानी गेर्त्रूदाने तर संच बाबागाडीत घातला,
दुपट्यात गुंडाळून गल्लीभर फिरवला.
मला वाटलं, तो आजारी आहे.

परवा-परवा एक कंपनी आली.
तीन दिवस बाबांना काचेच्या खोलीत बसवून
वाक्यं वाचून घेतली, मागेपुढे गोष्ट नसलेली.
दार लाव. मी गरोदर आहे.
विमान उशिरा येईल. तू माझा भाऊ नाहीस.
त्या पैशांत नवा फ्रीज आला
आणि दातांचं राहिलेलं काम झालं.

आता कायतेक, माझा मुलगा,
पांघरुणात फोन घेऊन पडतो.
कोरियातल्या कुठल्याशा घरातलं भांडण
आजोबांचा आवाज त्याला दुप्पट वेगाने सांगतो,
न अडखळता,
आणि आजोबा भिंतीपलीकडे
फ्रीजची घरघर ऐकत बसतात.
घरात तीन पडदे. कोण कुठल्या गोष्टीत आहे
ते जेवायला हाक मारली की कळतं.

काल त्याने कानातलं एक बोंड काढून
आजोबांच्या कानात घातलं.
बराच वेळ ते ऐकत राहिले,
स्वतःलाच, मान तिरकी करून.
याला सर्दी होत नाही कधी, म्हणाले.
मग जरा वेळाने,
हा तिच्या आधी बोलतो रे.
तिचा चेहरा अजून ठरलाही नाही
आणि याने सांगूनही टाकलं.

कायतेकने काहीतरी दाबलं. आवाज गेला,
वेग उतरला, खाली अक्षरं आली.
बाबांनी चष्मा चढवला.
कोरियन येत नाही त्यांना.
पोर्तुगीज तरी कुठे येत होतं.
पडद्यावरच्या बाईने ओठ दुमडले.
पोरगं आजोबांच्या तोंडाकडे बघतंय,
आणि ते थांबलेत.

मी भांडी घासत होते.
नळ बंद केला.